चिकट झालेला हेडफोन : काय करावं आणि किती खर्च करावा

पावसाळा सरत आला की बडोद्यातल्या अनेक घरांत ही तक्रार ऐकू येते. कपाटात नीट ठेवलेला हेडफोन बाहेर काढला, तर वरचा काळा भाग बोटांना गुळगुळीत लागण्याऐवजी चिकटतो. कानावरच्या कुशनचे पोपडे निघतात आणि गालावर, उशीवर, कॉलरवर काळे कण पडतात. आवाज मात्र पहिल्यासारखाच स्वच्छ असतो. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं टाकून दे, दुसरं म्हणतं स्पिरिटने पुसून बघ. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण आधी आपल्या हातातली वस्तू नेमकी कशाने बिघडली आहे ते कळायला हवं.

लहरीपुरा दरवाजाच्या आसपास राहणाऱ्यांना एक सोय आहे. न्यायमंदिरावरून रावपुऱ्याकडे गेलं की मोबाइलच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेला मरीमातानो खांचो येतो. कापड, टेप, वेल्क्रो असल्या किरकोळ वस्तू मंगळबाजार आणि नवाबाजारात मिळतात. सुरसागरच्या काठावर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी सुरू केलेल्या गायनशाळेतून ती उभी राहिली. कानाला तानपुऱ्याचं ॲप लावून रियाज करणारा विद्यार्थी असो, की घरून ऑफिसचं काम करणारी सूनबाई, दोघांसाठी हेडफोन ही रोजच्या गरजेची वस्तू आहे. तिची दुरुस्ती परवडणारी असते, फक्त पैसे योग्य जागी खर्च व्हायला हवेत.

हा मळ नाही

हेडफोनची काळी कुशनं बहुतेक वेळा खऱ्या चामड्याची नसतात. विणलेल्या पातळ कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं ते रेक्झिन असतं. आतला स्पंजही पॉलियुरेथेनचाच. बाहेरच्या प्लास्टिकवर जो मऊ, मॅट, रबरासारखा लेप असतो, तोही पुष्कळदा याच घराण्यातला. या पदार्थाच्या एका प्रकारात रेणूंची साखळी एस्टर नावाच्या बंधांनी जोडलेली असते. हवेतल्या ओलाव्याने हे बंध तुटतात आणि तुटताना आम्ल तयार होतं. ते आम्ल पुढचे बंध तोडायला मदत करतं, म्हणून सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि एकदा सुरुवात झाली की बिघाड झपाट्याने वाढतो. उष्णतेने त्याचा वेग आणखी वाढतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारं आणि पाठोपाठ चार महिने दमट राहणारं बडोद्याचं हवामान या पदार्थाला अजिबात मानवत नाही. घाम आणि केसांचं तेल त्यात भर घालतात.

माळ्यावर जपून ठेवलेल्या बुटांचा तळ पहिल्याच दिवशी भुगा होऊन गळून पडतो, त्याचंही कारण हेच. वस्तू वापरली नाही म्हणून ती टिकत नाही. कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून तिचं वय मोजलं जातं.

यातून खर्चाचा पहिला नियम निघतो. तुटलेली साखळी पुन्हा जोडणारा कुठलाही स्प्रे, क्रीम किंवा पॉलिश बाजारात नाही. चिकट लेप काढून टाकायचा आणि पोपडे निघालेलं कुशन बदलायचं. या दोन कामांवर केलेला खर्च सार्थकी लागतो. बाकी सगळा वाया जातो.

आधी ओळखा

हेडफोन उजेडात धरा आणि चार ठिकाणं तपासा.

कुशनचे पोपडे निघत असतील आणि खालचं पांढरट किंवा राखाडी कापड दिसत असेल, तर कुशन बदलायचं आहे. स्पंज दाबल्यावर वर येत नसेल किंवा भुगा पडत असेल, तरीही तेच.

बाहेरच्या कपांवर किंवा डोक्यावरच्या पट्ट्यावर बोटाचा ठसा उमटत असेल, धूळ चिकटून बसत असेल, तर रबरी लेप सुटला आहे. तो काढायचा आहे.

वायर चिकट लागत असेल, तर कारण वेगळं. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी मिसळलेला तेलकट पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतो. हाच पदार्थ शेजारच्या प्लास्टिकलाही मऊ करतो, म्हणून वायर हेडफोनभोवती घट्ट गुंडाळून ठेवू नये.

कुशन काढल्यावर आतल्या कडेला गोंद पाघळलेला दिसला, तर ते चिकटवलेलं कुशन आहे आणि काम थोडं जास्त आहे.

साहित्य आणि ढोबळ भाव

दुकान, ब्रँड आणि घासाघीस यांनुसार भाव खालीवर होतात. खाली दिलेले आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत.

- आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानातलं ‘आयपीए’, १०० मिलि : ८० ते १५० रुपये; अर्धा लिटर : २०० ते ४०० रुपये
- मायक्रोफायबर कापडं, दोन-तीन : १०० ते १५० रुपये
- खायचा सोडा, कापसाच्या काड्या, जुना टूथब्रश : ५० रुपयांच्या आत
- लहान, कानावर टेकणाऱ्या हेडफोनचे साधे स्पंज, जोडी : १०० ते २०० रुपये
- लोकप्रिय वायरलेस मॉडेलची लोकल कुशनं, जोडी : ३०० ते ९०० रुपये
- मखमली किंवा जाळीदार कापडाची कुशनं : ५०० ते १,२०० रुपये
- महागड्या मॉडेलची कंपनीची अथवा खऱ्या चामड्याची कुशनं : १,५०० ते ४,००० रुपये
- डोक्यावरच्या पट्ट्याचं चेनवालं कव्हर : २५० ते ६०० रुपये
- सुटी होणारी वायर : १५० ते ५०० रुपये
- दुकानातली मजुरी : कुशन बसवायला १०० ते २०० रुपये, वायर डागायला १५० ते ४०० रुपये

आयपीए मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मागा. सर्किट बोर्ड साफ करायला कारागीर तेच वापरतात. हँड सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही. त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो.

चिकट लेप घरी काढायचा तर

हे काम स्वतः करण्यासारखं आहे. साहित्याचे दोन-तीनशे रुपये आणि एक निवांत दुपार एवढाच खर्च.

हेडफोन बंद करा, वायर काढा, कुशनं काढता येत असतील तर काढा. माइकच्या आणि हवेच्या बारीक छिद्रांवर कागदी टेप लावा. खिडकी उघडा. आयपीए भडकणारं द्रव्य आहे, म्हणून शेजारी गॅस, देवापुढचं निरांजन किंवा उदबत्ती नको. बाटली थेट हेडफोनवर कधीही ओतू नका. कापडाचा कोपरा भिजवा, पिळा आणि आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. मिनिटभराने तिथलं प्लास्टिक मऊ झालं नाही, पांढरं पडलं नाही किंवा तडकलं नाही, तरच पुढे जा. पारदर्शक ॲक्रिलिकच्या भागांना अल्कोहोल लावू नका, त्यात बारीक तडे जातात.

आता एका दिशेने, बेताचा दाब देत पुसा. पहिल्या दोन-चार हातांत चिकटपणा उलट वाढल्यासारखा वाटतो, कारण लेप विरघळून पसरायला लागलेला असतो. इथेच बरेच जण काम सोडून देतात. कापडाची स्वच्छ बाजू घेत राहा. कापडावर डांबरासारखा काळा राप जमत जातो, कडांवर लेपाच्या बारीक सुरळ्या निघतात आणि मधूनच खालचं कडक, किंचित चकचकीत प्लास्टिक दिसू लागतं. सांध्यातला राप टूथब्रशने काढा. डावा-उजवा दाखवणारी अक्षरं आणि कंपनीचं नाव लेपावर छापलेलं असेल तर तेही पुसलं जातं. म्हणून सुरुवातीलाच उजव्या कपाच्या आत टेपचा लहान तुकडा लावून ठेवा. सगळं झाल्यावर हेडफोन तासभर मोकळ्या हवेत वाळू द्या आणि मगच चालू करा.

चिकटपणा नुकताच सुरू झाला असेल तर आधी सोडा वापरून पाहा. दोन चमचे खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाट लापशी करा, हलक्या हाताने चोळा आणि ओलसर कापडाने नीट टिपून घ्या. तेवढ्याने भागलं तर लेपाचा मॅट रंग थोडाफार टिकतो.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. नेलपॉलिश काढायच्या द्रवात बहुधा ॲसिटोन असतं आणि ते हेडफोनचं प्लास्टिक चक्क विरघळवतं. थिनर आणि पेट्रोलही त्याच पंगतीतले. टाल्कम पावडरने दोन दिवस बरं वाटतं, मग ती घाम शोषून लगदा होते आणि माइकच्या छिद्रांत बसते. गंजलेले नटबोल्ट सोडवायचे तेलकट स्प्रे इथे मारू नयेत.

कुशन बदलताना

कुशन कसं बसवलेलं आहे, यावर खर्च आणि कष्ट ठरतात. काही कुशनांना मागे ओठासारखी कड असते आणि ती कपाच्या खाचेत ओवायची असते. ऑडिओ-टेक्निकाचा एम-५०एक्स आणि सोनीचा एमडीआर-७५०६ असे आहेत. १९९१पासून विकला जाणारा हा ७५०६ जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत दिसतो. त्याच्या कुशनांचे काळे पोपडे निघतात हे स्टुडिओवाल्यांना पाठ आहे. कुशनं बदलून त्याच हेडफोनवर ते वर्षानुवर्षं काम करतात. सोनी आणि बोसच्या आवाज गाळणाऱ्या मोठ्या मॉडेलांत कुशन प्लास्टिकच्या क्लिपांवर बसतं; बोथट, पातळ पट्टीने कडेकडेने उचकटलं की सुटतं. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्समध्ये ते चुंबकावर असतं. बीट्सच्या सोलो-३सारख्या मॉडेलात मात्र ते गोंदाने चिकटवलेलं असतं. तिथे जुना गोंद आयपीएने पुसावा लागतो आणि नव्या कुशनला दुहेरी टेप लागते. इथे फेव्हिक्विक किंवा पंक्चरचं सोल्युशन लावू नका. पुढच्या वेळी कुशन काढताना कपच तुटेल.

पोपडे निघालेल्या कुशनवरचं उरलेलं रेक्झिनही खरवडून काढायचं आणि खालच्या कापडावरच भागवायचं, हा फुकटातला उपाय. तो चालतो, पण आवाजावर परिणाम होतो. कुशन कानाभोवतीची हवा कोंडून धरतं, म्हणून तबल्याच्या डग्ग्यासारखे खालचे स्वर भरीव ऐकू येतात. कोंडलेली हवा गळायला लागली की तेच स्वर आधी पातळ होतात आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. मखमली किंवा जाळीदार कुशनांनाही हे थोड्या प्रमाणात लागू आहे. उन्हाळ्यात ती कानाला सुखावह असतात, पण आवाज बदलतो. बातम्या, फोन आणि ऑनलाइन वर्ग यांना त्याने काही बिघडत नाही. गाण्याच्या कामासाठी मूळ जाडीचं आणि मूळ प्रकारचंच कुशन घ्या.

दुकानात जाताना जुनं कुशन सोबत न्या. मॉडेलचं पूर्ण नाव आणि बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून ठेवा. काउंटरवर चार गोष्टी विचारा. आतली प्लास्टिकची रिंग सोबत येते का? आतली पातळ जाळी आहे का? इथेच बसवून, वाजवून दाखवाल का? बिल द्याल का? ‘कंपनीचाच माल’ असं सांगून दिलेल्या कुशनची शिवण आणि स्पंजाची जाडी जुन्याशी ताडून पाहा. लोकल कुशन घ्यायला हरकत नाही, फक्त लोकलच्याच भावात घ्या.

डोक्यावरच्या पट्ट्याचे पोपडे निघाले असतील तर तिथे आवाजाचा प्रश्नच नाही. मंगळबाजारातून सुती कापडाचा तुकडा आणि वेल्क्रोची पट्टी घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून कव्हर शिवून घ्या. ते तयार कव्हरपेक्षा स्वस्त पडतं आणि दर आठवड्याला धुता येतं.

खर्च कुठवर करावा

माझा हिशेब असा. तसल्याच नव्या हेडफोनच्या आजच्या किमतीच्या एक तृतीयांशापर्यंत खर्च करावा, आणि तोही आवाज व बॅटरी ठणठणीत असेल तरच.

दीड हजारांचा वायरलेस हेडफोन असेल तर चारशेची कुशनं परवडतात. त्याचीच बॅटरी तासाभरात उतरत असेल, तर त्यावर आणखी पैसे घालू नका. पंचवीस हजारांच्या हेडफोनला तीन हजारांची कुशनं घालणं शहाणपणाचं आहे. नव्या वस्तूच्या आठव्या हिश्श्यात तो पुन्हा कानाला सुखाचा होतो. वायरचा, स्टुडिओ पद्धतीचा हेडफोन असेल तर डोळे झाकून कुशनं बदला. त्यात बॅटरी नसते आणि बिघडण्यासारखं फार थोडं असतं.

ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरासारख्या वेळी पाण्यात बुडालेल्या हेडफोनची गोष्ट वेगळी. त्याचे स्पंज फेकून द्यावेत, कारण गाळाचं पाणी आत मुरलेलं असतं. बॅटरीचा हेडफोन चार्जिंगला मुळीच लावू नये, आधी कारागिराकडून उघडून घ्यावा. बॅटरी फुगलेली असेल तर तो कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावा.

हक्काचं काय?

कुशनं आणि इअरटिप झिजणाऱ्या वस्तू आहेत असं म्हणून बहुतेक कंपन्या त्यांना वॉरंटीतून वगळतात. वॉरंटी कार्डावरची ही ओळ खरेदीपूर्वीच वाचा. पण वर्षाच्या आत बाहेरचा लेपच चिकट झाला, तर तो मालातला दोष ठरू शकतो. फोटो काढा, बिलाची प्रत जोडा आणि कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची तक्रारही बडोद्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. यासाठी पक्कं बिल मात्र हवंच. रस्त्यावर बिलाविना घेतलेल्या वस्तूवर भांडायला हातात काही राहत नाही.

नवा घेताना आणि ठेवताना

खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे. औषधाची तारीख पाहतो तशी तीही पाहा. मोठ्या सवलतीत मिळणारा तीन वर्षांपूर्वीचा शिल्लक माल तीन पावसाळे जुना असतो, मग खोक्याचं सील शाबूत का असेना. रबरासारखा मऊ लेप दुकानात हाताला छान लागतो, पण साधं कडक प्लास्टिक जास्त टिकतं. कुशन सुटं होतं का आणि त्या मॉडेलचं कुशन वेगळं विकत मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा.

वापरून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने घाम टिपा. डोक्याला तेल लावलं असेल त्या दिवशी सुती कव्हर चढवा. नव्या कुशनला अल्कोहोल लावू नका, किंचित ओल्या कापडाने पुसणं पुरतं. माळा, गाडीचा डॅशबोर्ड आणि खिडकीतलं ऊन टाळा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला. याने बिघाड थांबत नाही, लांबतो.

चांगल्या हेडफोनचा आवाज त्याच्या कुशनपेक्षा कितीतरी वर्षं जास्त जगतो. म्हणून पुढच्या खरेदीच्या वेळी किंमत विचारण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा : याची कुशनं बदलता येतात का, आणि ती मिळतात कुठे? उत्तर मिळालं नाही, तर दुसरा हेडफोन बघा.